मोइरा : दैव, नियती की वाटा?

प्रश्न असा आहे : ग्रीक शोकांतिकांबद्दल मराठीत वाचताना ‘मोइरा’ या शब्दासाठी कधी ‘दैव’ दिसतं, कधी ‘नियती’. यातला बरोबर कोणता?

चुकीचा दोन्हींपैकी एकही नाही. पण माझं मत विचाराल तर खरा प्रतिशब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : वाटा. ‘मोइरा’चा मूळ अर्थच हिस्सा, वाटा. होमरच्या काव्यात पंगतीत प्रत्येकापुढे येणाऱ्या मांसाच्या वाट्यालाही हाच शब्द आहे. आयुष्य, दुःख, मरण हेही तसंच ज्याच्या त्याच्या पुढ्यात वाढलेलं. आपण ‘हे भोग माझ्याच वाट्याला का?’ म्हणतो तेव्हा नकळत अगदी ग्रीक बोलतो.

‘दैव’ म्हणजे देवाकडून आलेलं. अडचण इथेच आहे. ईस्किलसच्या नावावर असलेल्या ‘बंदिस्त प्रोमिथियस’ नाटकात गायकवृंद विचारतो, अपरिहार्यतेचं सुकाणू कुणाच्या हाती? प्रोमिथियसचं उत्तर : तिघी मोइरांच्या, म्हणजे हे वाटे ठरवणाऱ्या देवींच्या, आणि काही न विसरणाऱ्या एरिनीज या सूडदेवतांच्या. मग झ्यूस त्यांच्यापेक्षा दुबळा आहे का? तर जे ठरलेलं आहे त्यातून त्याचीही सुटका नाही. देवांचा राजाच जिथे बांधलेला, तिथे ‘दैव’ म्हटलं की वाटणीचं सगळं खातं देवांच्या नावावर जमा होतं. (ग्रीक कवी स्वतःही याबाबत काटेकोर नव्हते. ‘देवांची मोइरा’ असा प्रयोग होमरमध्येच सापडतो.)

वाट्याची ही कल्पना किती शब्दशः होती ते युरिपिडीसच्या ‘आल्सेस्टिस’मध्ये दिसतं (इ.स.पू. ४३८). अपोलोने राजा अॅडमीटसचं मरण टाळलं. ईस्किलसच्या ‘युमेनिडीज’मध्ये तर एरिनीज अपोलोला तोंडावर सुनावतात की तू त्या म्हाताऱ्या देवींना, म्हणजे मोइरांना, दारू पाजून फसवलंस! पण टळलेलं मरण हवेत विरलं नाही. कुणीतरी ते उचलायलाच हवं होतं. आईबाप तयार होईनात, बायको तयार झाली. देव वाट्यांची अदलाबदल करू शकतो, वाटा पुसून टाकणं त्याच्या हातात नाही. ‘नियती’ या भारदस्त शब्दात हा हिशेब दिसतच नाही.

देवांचेही आपापले वाटे असतात. ‘हिप्पोलिटस’मध्ये (इ.स.पू. ४२८) आफ्रोडाइटी ही देवी पहिल्याच प्रवेशात हिप्पोलिटसवर सूड उगवणार असं जाहीर करते. नाटकाच्या अखेरीस हिप्पोलिटस जिचा भक्त ती देवी आर्टेमिस येते आणि सांगते की एका देवाच्या इच्छेच्या आड दुसऱ्याने यायचं नाही, अशी आमची रीत आहे. मग आपल्या लाडक्या भक्ताचं मरण पाहणं आपल्याला वर्ज्य म्हणून ती त्याच्या शेवटच्या क्षणाआधीच निघून जाते. ग्रीक नाटकातल्या देवांबद्दल मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच.

मग ‘दैव’ कुठे वापरावं? ‘दाइमोन’साठी, म्हणजे माणसाच्या आयुष्यात हात घालणाऱ्या दैवी शक्तीसाठी. (याला ‘दानव’ म्हणू नका, ती नंतरच्या ख्रिस्ती काळातली छटा आहे.) गंमत म्हणजे बहुतेक व्युत्पत्तिकार ‘दाइमोन’ही ‘वाटणे’ या अर्थाच्या धातूपासून काढतात, आणि आपलं ‘भाग्य’ही ‘भज्’ म्हणजे वाटणे यातूनच आलेलं. सोफोक्लीसच्या नाटकात डोळे फोडून घेतलेल्या इडिपसला वृंद विचारतो, कोणत्या दाइमोनने तुला हे करायला लावलं? तो म्हणतो, हे भोग आणले अपोलोने, पण वार करणारा हात माझाच. ‘कोणत्या’ हा प्रश्न ‘नियती’ला विचारता येत नाही, दैवताला येतो. इथे ‘नियती’ घातली तर संवाद मरतो.

अनुवाद करणाऱ्यांनी म्हणून पात्रांच्या तोंडी ‘वाट्याला आलं’ ठेवावं, ‘नियती’ प्रस्तावनेत खुशाल वापरावी. क्लोथो, लाखेसिस आणि आत्रोपोस या तिघी बहिणी स्वतः कथेत येतील तेव्हा त्यांना मोइराच म्हणावं. सटवाई म्हणायचा मोह मलाही झाला होता. ग्रीक कथांतला वीर मेलिएगर सात दिवसांचा असताना मोइरा येऊन त्याचं आयुष्य चुलीतल्या लाकडाला बांधून जातात, ही कथा वाचताना पाचवीची रात्र आठवतेच. पण सटवाईसाठी आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. या तिघी लिहीत नाहीत, सूत कातत बसतात.