नळीत फुंकायचे कोणी?

पत्र: "मी कॅलिफोर्नियात, सॅन वाकीन काउंटीतील माउंटन हाउस येथे राहते. चार वर्षांत दुसऱ्यांदा यजमानांना दारू पिऊन गाडी चालवताना पकडले आणि स्टॉकटनच्या न्यायालयाने त्यांना डीयूआय कोर्टाच्या (नशेत गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या खास न्यायालयाच्या) उपचार कार्यक्रमात घातले. गाडीला श्वास तपासणारे यंत्र बसवले आहे. परवा, आदल्या रात्रीच्या पार्टीनंतर, गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी मला नळीत फुंकायला सांगितले. मी नकार दिल्यापासून त्यांनी अबोला धरला आहे. 'मी काही बेवडा नाही, एक दिवस कामावर दांडी मारलेली नाही, हे कोर्ट म्हणजे नुसता छळ आहे,' असे ते म्हणतात. झाला प्रकार मी त्यांच्या केस मॅनेजरला कळवावा का? ठाण्याला सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नाही." – एक वाचक

उत्तर: तुम्ही फुंकले नाहीत, हे अगदी योग्य केलेत. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानुसार दुसऱ्यासाठी अशा यंत्रात फुंकणे आणि तशी गळ घालणे हे दोन्ही गुन्हे आहेत. शिवाय ते यंत्र वाटते तितके भोळे नाही. गाडी चालू असतानाही ते मधूनच पुन्हा फुंकायला सांगते आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवते. तुम्ही घराच्या दारात फुंकला असतात, तरी पुढे हमरस्त्यावर ती नळी त्यांच्याच हातात आली असती.

आता 'मी बेवडा नाही' या वाक्याविषयी. अमली पदार्थांच्या खटल्यांसाठी पहिले उपचार न्यायालय 1989 साली मायामीत सुरू झाले. पुढे तीच पद्धत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी वापरताना असे दिसून आले की, ही मंडळी बहुधा नोकरदार आणि घरदार असलेली असतात, आणि म्हणूनच आपल्याला व्यसन आहे हे त्यांच्या गळी उतरवणे अधिक कठीण जाते. पगार वेळेवर येतो, मुलांची फी भरली जाते, मग अडचण कुठे आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दुसऱ्यांदा अटक होणे हे या प्रश्नाचे पुरेसे उत्तर आहे, असे मला वाटते.

तुमच्या काउंटीत 2008 पासून ही व्यवस्था आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या प्रत्येकावर तेथे न्यायालय देखरेख ठेवते, मात्र ज्यांना खरोखर उपचारांची गरज दिसते त्यांनाच वेगळ्या, अधिक कडक गटात घेतले जाते. यजमान त्या गटात आहेत याचा अर्थ त्यांना छळण्यासाठी कोणी निवडले असा नव्हे. त्यांची तपासणी करून तसा निष्कर्ष काढला गेला आहे. अशा न्यायालयांत सुनावणीपूर्वी न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, प्रोबेशन अधिकारी आणि समुपदेशक एकत्र बसून प्रत्येकाच्या प्रगतीची चर्चा करतात आणि नंतर न्यायाधीश त्या माणसाशी वकिलामार्फत नव्हे, तर थेट बोलतात. श्वासाची चाचणी काही तासांपूर्वीचे मद्यच पकडते. लघवीची ईटीजी चाचणी मात्र दोन-तीन दिवस मागचेही दाखवू शकते, त्यामुळे शनिवारची गोष्ट सोमवारी लपेलच असे नाही.

म्हणूनच केस मॅनेजरला तुम्ही कळवावे असे मला वाटत नाही, निदान आज तरी नाही. हे यजमानांनी स्वतः सांगायला हवे. चाचणीआधी आपण होऊन दिलेली कबुली आणि पकडले गेल्यावर मारलेल्या थापा यांकडे ही न्यायालये एकाच नजरेने पाहत नाहीत: कबुली दिल्यास बहुधा उपचार वाढवले जातात, तर खोटेपणासाठी तुरुंगातील काही दिवसही वाट्याला येऊ शकतात. त्यांना शांतपणे एवढेच सांगा की, तुम्ही कोणाकडे चुगली करणार नाही, पण विचारल्यास खोटेही बोलणार नाही. मात्र पिऊन त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली, विशेषतः मुले सोबत असताना, तर हे सारे बाजूला ठेवून 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. तेथे संकोच नको.

एक वैद्यकीय सूचना: ते रोज पीत असतील, तर चिडून एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधे उपलब्ध आहेत.

सासूबाईंना सांगायचे की नाही, हा निर्णय मुलाचा आहे. तुम्ही फक्त त्यांच्या वतीने गोष्टी रचणे थांबवा. 'भारतात असता तर दंड भरून मोकळा झाला असता' असे कोणी म्हटलेच, तर आपल्याकडची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि कॅलिफोर्नियात 80, हे सांगून टाका.

ग्रीन कार्ड असेल आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्या. अर्जाआधीच्या ठरावीक काळात अशा दोन शिक्षा झाल्या असतील, तर चांगल्या चारित्र्याच्या अटीवर अर्ज अडू शकतो, असा अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलचा 2019 चा निर्णय आहे, आणि नुसते सुधारणेचे प्रयत्न तेथे पुरेसे मानले जात नाहीत.

आणि तुमचे काय? पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, कारण पत्नीचे दुखणे वेगळे असते. तुमच्या भागात अल-अॅनॉन या मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीच्या गटाच्या सभा भरतात, तेथे जा. यजमानांची परवानगी लागत नाही. आणि पुढच्या तारखेला जमल्यास न्यायालयातही जाऊन बसा, सुनावणी खुली असते. त्यांच्यासारखेच नोकरदार तेथे आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेले दिसतील, आणि न्यायाधीश यजमानांना नेमके काय विचारतात ते तुम्हाला कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष ऐकायला मिळेल.