मेस्सी की रोनाल्डो, आणि आपला ब्रह्मानंद कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: दादा, आम्ही दोघे भाऊ, डिचोलीचे. मी मेस्सीवाला, धाकटा रोनाल्डोवाला. जेवताना पण हेच चालू असतं, आई वैतागलीय. मी म्हणतो बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, आठ विरुद्ध पाच, वर्ल्ड कप पण आला, विषय संपला. तो म्हणतो चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, पाच विरुद्ध चार, आणि देशासाठी जास्त गोल कोणाचे ते बघ. शेवटी ठरवलंय की तुम्ही सांगाल ते दोघांनी ऐकायचं. सांगा आता.

उत्तर: ऐकायचं ठरलंय म्हणता, पण ज्याच्या विरुद्ध जाईल तो काय ऐकणार नाही, मला माहितीय. तरी सांगतो.

पहिलं म्हणजे आकड्यांनी हा वाद मिटत नाही, कारण प्रत्येक जण आपल्याला सोयीचा आकडा उचलतो, तुम्ही दोघं तेच करताय. पेलेच्या नावावर १,२८१ गोल लावतात पण त्यात मैत्रीपूर्ण सामने आले, सांतोस क्लबचे परदेश दौरे आले, सगळं आलं. ट्रॉफ्या मोजायच्या म्हटलं तर डी स्टेफानो वर्ल्ड कपच्या मुख्य स्पर्धेत एक मॅचसुद्धा खेळला नाही, मग त्याला काय यादीतून काढणार? रिअल माद्रिदनं १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन कप नेले ते त्याच्या जिवावर. क्रायफ १९७४ ची फायनल हरला आणि तरी आज निम्मं जग त्याच्या विचारानं फुटबॉल खेळतंय.

माझी कसोटी वेगळी आहे. आपल्या फॅननं डोक्यावर घेतलं तर तो स्टार. समोरच्या टीमच्या फॅनला नाइलाजानं का होईना मान्य करावं लागलं, तर पुढचं बोलू. १९ नोव्हेंबर २००५, माद्रिदचं बर्नाबेऊ, म्हणजे रिअलचं घरचं मैदान, बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होनं दोन गोल मारले आणि रिअलचे लोक, म्हणजे बार्साचं नाव काढलं तरी ज्यांचं डोकं फिरतं ते, उभे राहून टाळ्या वाजवत होते. धाकट्या, आता तुझं. ३ एप्रिल २०१८, तुरीन, युव्हेंटसच्या घरी रोनाल्डोची ती बायसिकल किक. बॉल खांद्याच्या वर, हा पाठ जमिनीकडे करून हवेत, गोलमध्ये बुफॉन जागचा हलला पण नाही. युव्हेंटसचे लोक उठून उभे राहिले, रोनाल्डोनं छातीवर हात ठेवून त्यांचे आभार मानले आणि तीन महिन्यांत तो त्यांच्याच टीममध्ये गेला. आणि थोरल्या, २३ एप्रिल २०१७ ला मेस्सीनं बर्नाबेऊत अगदी शेवटच्या क्षणी गोल मारला, बार्सासाठी त्याचा ५०० वा, मॅच ३-२, आणि जर्सी काढून रिअलच्या लोकांसमोर धरली. टाळ्याबिळ्या काही मिळाल्या नाहीत, पण त्या फोटोत मागे बसलेल्यांची तोंडं बघ एकदा.

म्हणजे या कसोटीला दोघंही उतरतात. मग माझं मत? मेस्सी, थोडक्या फरकानं. का ते एका मूव्हमध्ये सांगतो. २०२२ ची सेमीफायनल, समोर क्रोएशिया, उजव्या टचलाईनला बॉल, आणि अंगावर मास्क घातलेला ग्वार्डिओल, २० वर्षांचा धिप्पाड पोरगा, त्या वर्ल्ड कपमधल्या चांगल्या डिफेन्डरांपैकी एक. ३५ वर्षांचा मेस्सी पळतो, थांबतो, परत पळतो, पाठ करून वळतो, तो मागून ढकलतोय तरी बॉल पायाला चिकटलेला, गोललाईनपर्यंत जातो आणि तिथून मागे आल्वारेझला देतो. गोल आल्वारेझच्या नावावर. आकडेवारीत मेस्सीला फक्त एक असिस्ट मिळाला, पण ती धाव बघितलेल्या माणसाला आल्वारेझ आठवतो की मेस्सी ते सांगायला नको. रोनाल्डो गोल मारायला जगात बाप, मेस्सी गोल मारतो आणि मारवूनही घेतो, एवढाच काय तो फरक.

आता दोघांना एक काम. आठवडाभर जागा बदला. थोरल्यानं रोनाल्डोची बाजू मांडायची: २०१६ च्या युरो फायनलमध्ये २५ व्या मिनिटाला गुडघा धरून रडत बाहेर गेला, मग पट्टी बांधून परत टचलाईनला येऊन कोचच्या शेजारी उभा राहून ओरडत होता, आणि १०९ व्या मिनिटाला एडरनं गोल मारून पोर्तुगालला पहिली मोठी ट्रॉफी दिली. धाकट्यानं मेस्सीची: त्याच उन्हाळ्यात कोपा अमेरिकाच्या फायनलला पेनल्टी वर मारली, देशासाठी खेळणं सोडतो म्हणाला, परत आला, २०२१ ला कोपा आणि २०२२ ला वर्ल्ड कप. भांडायचंच आहे तर दुसऱ्याच्या बाजूनं भांडून बघा, आईलाही जरा गंमत वाटेल.

प्रश्न: संपादक महाशय, मी फोंड्याचा, वय ७१. माझ्या नातवाला रोनाल्डोच्या आईचं नाव माहीत आहे, पण आपला गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर कोण हे माहीत नाही. वर कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा! आमच्या माणसांचे पुतळे का नाहीत?

उत्तर: काका, तुमचा राग समजतो. तो पुतळा डिसेंबर २०२१ मध्ये बसवला, ४१० किलोचा, आणि वेळ अशी निवडली की गोवा मुक्तीला ६० वर्षं झाली तोच महिना. १९ डिसेंबरला झेंडावंदन करायचं आणि थोड्या दिवसांनी पोर्तुगालच्या कॅप्टनचा पुतळा उघडायचा म्हटल्यावर काळे झेंडे निघणारच, निघाले. पुतळा बसवणाऱ्यांचं म्हणणं की पोरांना प्रेरणा मिळेल. विरोध करणारे म्हणाले पुतळाच हवा तर आपल्या गोव्याच्या फुटबॉलपटूंचा लावा, समीर नाईकचा लावा, ब्रुनो कुतिन्होचा लावा.

मला विचाराल तर पोरांना त्या पुतळ्यात पोर्तुगाल दिसतच नाही हो. त्यांना दिसतो मदेइरा बेटावरचा गरीब घरातला पोरगा, जो मेहनत करून इथवर आला. त्यात काय वाईट? वाईट एवढंच की ब्रह्मानंदकडे दाखवायला काही नाही. आज ज्याची क्लिप नाही त्याचा फॅन नाही. रोनाल्डोचा प्रत्येक गोल दहा अँगलनं मोबाईलवर आहे, आणि ब्रह्मानंद पोस्टखाली कसा उभा राहायचा, क्रॉस आला की कधी बाहेर यायचं आणि कधी लाईनवर थांबायचं हे बघितलेले लोक आता तुमच्या वयाचे. ते गेले की पुरावाच संपला.

म्हणून नातवाला तुम्हीच सांगा. ताळगावचा माणूस, साळगावकर क्लबचा गोलकीपर, ८० च्या दशकात भारताचा कॅप्टन. १९८४ ला गोव्यानं संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली तेव्हा कॅप्टन हाच. अर्जुन पुरस्कार १९९७ ला, तोपर्यंत गोव्याच्या एकाही फुटबॉलपटूला तो मिळाला नव्हता, आणि पद्मश्री २०२२ ला, म्हणजे खेळणं सोडून किती वर्षांनी ते तुम्हीच मोजा. आणि माझी ती कसोटी इथंही लावा: पणजी-मडगावकडचे पक्के धेंपोवाले, चर्चिलवाले, म्हणजे दुसऱ्या क्लबांचे फॅन, जे साळगावकरला शिव्या घातल्याशिवाय चहा पीत नाहीत, त्यांच्यासमोर ब्रह्मानंदचं नाव काढा. आवाज लगेच खाली येतो.

त्याला ब्रुनोचं सांगा, २००१ चा अर्जुन. महेश गवळीचं सांगा. क्लायमॅक्स लॉरेन्सचं तर नक्की सांगा: २००८ चा एएफसी चॅलेंज कप, समोर अफगाणिस्तान, ०-० चाललेलं, इंज्युरी टाईममध्ये यानं गोल मारला. पुढे तो कप भारतानं जिंकला आणि त्यामुळेच २०११ च्या आशिया कपला जाता आलं. आणखी मागे जायचं तर नेव्हिल डिसोझा, मूळ गोव्याचे, खेळले मुंबईत, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये खुद्द ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, मॅच ४-२. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई माणूस आपला होता, आणि हे मी कुठल्याही शाळेत सांगितलं की पोरं आधी मोबाईल काढून खरं की खोटं ते बघतात.

पुतळ्याचं म्हणाल तर मला त्याचा उत्साह नाही. पुतळ्यावर कावळे बसतात आणि जयंतीला हार. त्यापेक्षा या लोकांना जिवंतपणी शाळांच्या मैदानावर बोलवा, गोलकीपिंगचा एक तास घ्यायला लावा.

प्रश्न: मी पेडण्याची, बारावीला आहे. आमच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. लेजंड म्हटलं की सगळे स्ट्रायकरच का असतात? आणि बायका तर कुठेच नाहीत.

उत्तर: कारण लोक गोल लक्षात ठेवतात, वाचवलेला गोल म्हणजे न घडलेली गोष्ट, ती कोण लक्षात ठेवणार? बॅलन डी'ऑर मिळालेला गोलकीपर आजवर एकच, रशियाचा लेव्ह याशिन, १९६३ ला. त्यानंतर कोणी नाही, बुफॉन नाही, नोयर नाही, म्हणजे बघ काय अन्याय. आणि २०२२ च्या फायनलला सगळे मेस्सी-एम्बापे करतात, पण १२० मिनिटं झाल्यावर फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर असताना अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझनं डावा पाय लांब करून तो बॉल अडवला नसता तर मेस्सीच्या हातात कप आलाच नसता. ती क्लिप बघ, चारदा बघ, तुझ्याच कामाची आहे. तो बाहेर किती आला आणि अंग किती पसरलं तेवढंच बघायचं.

बायकांचं विचारलंस तर ब्राझीलची मार्ता. २०१९ ला वर्ल्ड कपमधला १७ वा गोल मारला आणि जर्मनीच्या क्लोजाला मागे टाकलं, ज्याचे १६ तोपर्यंत पुरुषांत सगळ्यात जास्त होते. ही गोष्ट तुमच्या टीमच्या कोचला माहीत आहे का विचार. नसेल तर सांग त्याला.

प्रश्न: भारताच्या सुनील छेत्रीला लेजंड म्हणायचं का? आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस भांडण. एक जण म्हणतो मालदीव-नेपाळविरुद्ध गोल मारून कोणी मोठा होत नाही.

उत्तर: म्हणायचं. समोर जी टीम येते तिच्याविरुद्धच गोल मारता येतो, फिक्स्चर काय छेत्री ठरवत नाही. वर सांगितलेल्या चॅलेंज कपच्या फायनलला ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक त्याचीच. २०२४ ला निवृत्त झाला, २०२५ ला परत बोलवावं लागलं, यात त्याच्यापेक्षा आपल्या फुटबॉलबद्दल जास्त कळतं. तुमच्या ग्रुपवरच्या त्या माणसाला सांगा, छेत्रीच्या जागी पुढचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर, कोण ते नाव दे, मग भांडू.

प्रश्न: रोनाल्डोला बघायचं म्हणून मी वास्कोहून फातोर्ड्याला गेलो होतो, तिकीट महाग घेतलं, आणि साहेब आलेच नाहीत. फॅनशी असं वागणारा लेजंड कसा?

उत्तर: २२ ऑक्टोबर २०२५ ची, एफसी गोवा विरुद्ध रोनाल्डोचा क्लब अल नासर, ती मॅच ना? अहो, निम्मा गोवा त्या दिवशी नाराज होता. पण खरं सांगू का, तो ४० वर्षांचा माणूस, प्रत्येक परदेशी मॅचला येणार नाही हे आधीपासून बोललं जात होतं, आपणच मनाला पटवून घेतलं की गोव्याला येईलच.

मला वाईट याचं वाटलं की लोक त्या दिवसाबद्दल बोलताना फक्त कोण आला नाही ते सांगतात. एफसी गोवानं सुपर कप जिंकला, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला हरवलं, तेव्हा कुठे ती मॅच फातोर्ड्याला झाली. समोर माने, फेलिक्स असली नावं असलेला क्लब, दोन गोल खाऊन मागे पडलो होतो आणि ४१ व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसनं गोल मारला. आपला पोरगा. मॅच १-२ हरलो पण त्या गोलनंतर स्टँडमध्ये जो आवाज झाला तो तुम्ही तिथं बसून ऐकलाय, आम्ही घरी टीव्हीवर. तिकीट फुकट गेलं असं अजून वाटत असेल तर पुढच्या वेळी मला द्या.