घमेल्यातली माती

पोरी,

गणपतीत आलीस तेव्हा कट्ट्यावर बसून तू जे बोललीस, ते अजून डोक्यातनं जात नाही. शाळेत बाईंनी विचारलं, दिवाळीत घरी काय करता, आणि तुझी लेक म्हणाली, "आम्ही मॉलला जातो." हे सांगताना तुझा आवाज बसला. मग मोबाईलमधली यादी दाखवलीस: थीमचा वाढदिवस, फोटोशूट, आठवणींची पेटी, मे महिन्यात दुबई. "काका, यातलं काय केलं म्हणजे तिच्या जन्मभर लक्षात राहील?"

आरतीची गडबड होती, मी नीट उत्तर दिलं नाही. आता देतो. ती यादी पुसून टाक. एकच गोष्ट धर आणि ती दरवर्षी कर. न चुकता.

"आमच्या घरात तसल्या काही परंपराच नव्हत्या" म्हणालीस, तेव्हा मला राग आला होता. आपल्या कोल्हापुरात आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीतल्या पोरी घाटावर तांबे भरून टेंबलाईदेवीच्या टेकडीवर निघायच्या, ते विसरलीस? पुढं पी ढबाकचं वाद्य वाजतंय, मागं बायका नैवेद्य घेऊन. तू पाच वर्षांची असशील. डोक्यावर पितळी तांब्या, त्यावर कडुलिंबाचा डहाळा, आणि निम्म्या वाटेतच पाणी फ्रॉकवर. तुझी आई मागनं आपल्या तांब्यातलं पाणी तुझ्या तांब्यात घालत चालली होती, तू टेकडीवर रिकाम्या हातानं पोचू नयेस म्हणून. तिनं याला कधी परंपरा म्हटलं नसेल. आषाढातला तो मंगळवार-शुक्रवार आला की ती निघायची, एवढंच.

माझे वडील दर शनिवारी संध्याकाळी मला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे. समोर म्हैस उभी, तिथंच धार काढायची, ग्लासावर बोटभर फेस. दूध कोमट असायचं, त्याला एक वास असायचा, आणि पहिल्या घोटाला मला नको वाटायचं. वडील काही बोलायचे नाहीत. आपला ग्लास संपवायचे, सदऱ्याच्या बाहीनं मिशी पुसायची, मग त्याच बाहीनं माझं तोंड. बस्स. दहा मिनिटांचं काम. आज त्यांचा चेहरा आठवायला मला फोटो काढावा लागतो, ती बाही मात्र अजून ओठाला लागते.

आणि आई किरणोत्सवाला न्यायची. 9, 10, 11 नोव्हेंबर, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, अंबाबाईच्या पायाशी पोचतात, मग छातीपर्यंत, मग मुखावर. काही वर्षी ढग आडवे येतात, किरण उंबऱ्याच्या आतच विरतं. अशा वेळी मी कुरकुर करायचो, पुढच्या वर्षी नको म्हणायचो. पुढच्या वर्षी आई तितक्याच घाईनं चपला घालून दारात उभी. ढगाचं वर्षसुद्धा मोजायचं असतं, पोरी. तुझी लेक रुसेल, ताप येईल, नवऱ्याला सुट्टी मिळणार नाही, तुझाच मूड नसेल. तरी करायचं. थोडक्यात कर, वाईट कर, पण कर. न चुकता.

हे मी एवढं ताणून का सांगतोय, त्याचं कारण तुला माहीत नाही.

माझ्या पोराला मी दिवाळीत किल्ला करायला शिकवला. वसुबारसेच्या आधी तांबडी माती भिजवायची, दगडांवर पोतं अंथरून त्यावर चिखल थापायचा, आळीव पेरायचे. आमचा किल्ला दरवर्षी पन्हाळाच. तीन दरवाजा कुठं, सज्जाकोठी कुठं, अंधारबाव कुठं, हे त्याला पुस्तक उघडायच्या आधी हातानं ठाऊक होतं. 1660 च्या पावसात महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले, ती वाट तो काडीनं कोरायचा आणि मला विचारायचा, "बाबा, पालखी इथनं गेली ना?" चार वर्षं केला. पाचव्या वर्षी, तो नऊ वर्षांचा होता, फौंड्रीत मोठी ऑर्डर होती. मी म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. त्यानं एकट्यानं घमेल्यात माती भिजवून ठेवली होती. पाडव्याला मी बघितली तर वाळून तडकलेली, आणि तिच्यात त्याच्या पाच बोटांचे ठसे.

पुढच्या वर्षी त्यानं विचारलं नाही. मीही काढलं नाही.

मला काय हौस होती? भट्टी एकदा तापली की माणसाला हलता येत नाही, वितळलेलं लोखंड तुमच्या दिवाळीसाठी थांबत नाही. त्याच ओव्हरटाईमवर त्याची फी भरली, त्याच पैशावर तो इंजिनिअर झाला. मी चुकलो असं घरात कुणी म्हणत नाही. पण दोन तास होते. नरकचतुर्दशीला दुपारी मी झोपलो होतो. ते दोन तास होते, पोरी, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर भरपाई म्हणून कर्ज काढून सगळ्यांना दिल्ली-आग्रा फिरवून आणलं. परवा फोनवर त्याला विचारलं, आग्र्याचं काय आठवतं रे? म्हणाला, "ऊन होतं." मग आपणहून म्हणाला, "आजोबा गंगावेशीत दूध पाजायचे ना." माझ्या वडिलांनी नातवालाही तेच केलं होतं. शनिवारी. न चुकता.

तेव्हा दुबईला खुशाल जा, पण ते तिच्यासाठी करतोय असं मनाशी म्हणू नकोस. आणि काय धरावं यावर परत मला मेसेज टाकत बसू नकोस. नवरात्रात तिला तुझ्या आईबरोबर देवीच्या कडाकण्या, त्या कडक पुऱ्या, लाटायला बसव. बेंदराला, बैलांच्या सणाला, मातीची बैलजोडी आणून तिच्याकडनं पुजून घे. पुण्यातच राहायचं असेल तर रविवारी सकाळी तिला बरोबर घेऊन भाकरी थाप, तिची छोटी, वाकडी, करपलेली चालेल. काहीही धर. फक्त सोडू नकोस, आणि फोटो काढण्यात हात गुंतवू नकोस, हात मातीत लागतात.

किल्ला करायचा असेल तर वसुबारसेच्या आदल्या दिवशी ये. तांबडी माती मी पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली आहे. मावळे आणायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तिला मीच नेईन, तिचे तिला निवडू दे. आळीव आणू नकोस, घरात आहेत. तिचा एखादा जुना फ्रॉक मात्र आठवणीनं आण.

तुझा,
काका