वाचक विचारतात: ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातला जॅझ नेमका कुठे असतो?

प्रश्न: 'एमेन' ब्रेक (गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा) जॅझचाच ना? मी तो 172 बीपीएमवर (मिनिटाला 172 मात्रा) ड्रम मशिनमध्ये हुबेहूब बसवला, तरी टाइपरायटर बडवल्यासारखा वाजतो. काय चुकतंय?

आधी एक दुरुस्ती. हा ब्रेक द विन्स्टन्स या सोल-फंक बँडच्या 1969 च्या 'एमेन, ब्रदर'मधला आहे. चार बार (एक बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन), जेमतेम सात सेकंद, ड्रमवर ग्रेगरी कोलमन. त्यातला जॅझ शोधायचा तो स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या हातात. मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागेत हळूच पुटपुटणं ही जॅझ ड्रमरांची सवय. फंकवाल्यांनी ती उचलली आणि सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, त्यातून ती जंगलपर्यंत, म्हणजे ड्रम अँड बेसच्या आधीच्या शैलीपर्यंत, पोचली.

बारचे 16 भाग करा. पहिल्या दोन बारांत किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) 1, 3, 11, 12 वर येते आणि स्नेअर 5, 8, 10, 13, 16 वर. यातले 5 आणि 13 हे खरे ठोके, उरलेले तीन घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके. तुम्ही बहुतेक पाचही सारख्याच जोराने लावलेत. 5 आणि 13 ला व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, कमाल 127) 110 ते 120 द्या, बाकीच्यांना 30 ते 45. तिसऱ्या बारमध्ये 13 वरचा ठोका 15 वर ढकललेला आहे. तो विसरू नका, सगळी गंमत त्या अडखळण्यात आहे.

मग स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा टाकणं; 50 टक्के म्हणजे अगदी सपाट. 172 ला एक सोळांश भाग 87 मिलिसेकंदांचा असतो. स्विंग 55 टक्के ठेवलात की सम क्रमांकाचे ठोके साधारण 9 मिलिसेकंद उशिरा पडतात, आणि तेवढं पुरतं. 66 टक्क्यांवर नेलंत तर पुढच्या ठोक्याआधी 60 मिलिसेकंदसुद्धा उरत नाहीत आणि ताल लंगडतो. लय चढली की जॅझ ड्रमरही स्विंग सपाट करत नेतात.

मूळ सॅम्पलच वापरणार असाल तर त्याची लय 136 च्या आसपास आहे. नुसता वेग वाढवून 172 ला नेलात तर स्वर चार सेमिटोन (अर्धस्वर) वर जातो, स्नेअर ताठ आणि पातळ होते. जंगलचा ओळखीचा आवाज तो हाच. स्वर हलवायचा नसेल तरी टाइम-स्ट्रेच (स्वर तोच ठेवून वेग बदलणं) टाळा, त्यात ठोक्याचं तोंड फाटतं. तुकडे कापा आणि एकेक जागेवर बसवा.

प्रश्न: ऱ्होड्सवर (इलेक्ट्रिक पियानो) मायनर नाइन्थ ही पाच स्वरांची कॉर्ड घेतो, पण बेस सुरू झाला की सगळा चिखल होतो.

कॉर्डचा मूळ स्वर बेसला देऊन टाका. डी मायनर नाइन्थसाठी कीबोर्डवर एफ, ए, सी, ई एवढंच वाजवा आणि 200 हर्ट्झखालचं कापा. कॉर्ड दर मात्रेला बदलू नका. ड्रम दुगुनीत पळतात, बेस आणि कॉर्ड निम्म्या लयीत, म्हणजे 86 ला, चालतात. या दोन गतींमध्ये अंतर राहिलं तरच हवा खेळते. रोनी साइझ आणि रेप्रझेंट या ड्रम अँड बेस गटाचा 'न्यू फॉर्म्स' याच कानाने ऐका. 1997 चा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळालेल्या त्या अल्बममध्ये डबल बेस आहे.

एकच कॉर्ड सॅम्पल करून वेगवेगळ्या कळांवर वाजवली की सगळे स्वर समांतर सरकतात. शाळेतलं हार्मनी याला चूक म्हणेल, इथे ती शैली आहे.

प्रश्न: प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतात जॅझ म्हणजे सॅक्सोफोनचे तुकडे पेरणं का?

नाही, आणि ते बहुतेकदा कंटाळवाणंच होतं. टेपची कात्री जास्त महत्त्वाची. 1970 च्या 'बिचेस ब्रू'साठी निर्माता टिओ मासेरोने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडचं ध्वनिमुद्रण कापून, जोडून, काही भाग पुन्हा वापरून रचना उभ्या केल्या. स्क्वेअरपुशर या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने 1998 च्या 'म्युझिक इज रॉटेड वन नोट'मध्ये बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून एकावर एक रचली. करून बघायचं तर दहा मिनिटं न थांबता वाजवा, त्यातले चारच बार ठेवा आणि प्रत्येक फेरीला एक तुकडा हलवा. क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी ओढणारी सोय) मात्र बंद ठेवा, नाहीतर कापायला काही वेगळं उरतच नाही.