मालिका राहू द्या, आधी लिपी

प्रश्न : मुलगी लातूरला इतिहासात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुर्की मालिका बघून तिला ऑटोमन (जुन्या तुर्की साम्राज्याच्या) काळातल्या प्रांतोप्रांतीच्या वर्तमानपत्रांवर संशोधन करायचं खूळ लागलंय. यात पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : मालिका बघणारे बहुतेक राजवाड्यातच रमतात. तुमची लेक छापखान्यात शिरली, म्हणून याला खूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विषय भक्कम आहे. 1864 च्या प्रांत कायद्यानंतर प्रांतांच्या राजधान्यांत सरकारी छापखाने आणि पत्रं निघू लागली. आज बल्गेरियात असलेल्या रुसे शहरातलं 'तुना' 1865 पासून तुर्की आणि बल्गेरियन अशा दोन्ही भाषांत निघे. 1908 च्या 'तरुण तुर्कां'च्या क्रांतीनंतर सेन्सॉरशिप सुटली आणि पत्रांचं पेव फुटलं. 1911 मध्ये सलोनिका शहराच्या 'गेंच कालेमलेर' नियतकालिकात लेखक ओमेर सेय्फेत्तिन यांनी 'नवी भाषा' मांडली : अरबी-फारसी धाटणीचे समास आणि अनेकवचनं टाका, बोलतो तसं लिहा. गंमत म्हणजे प्रांतातल्या या मंडळींनी प्रमाण मानली ती इस्तंबूलचीच बोली. पुढच्याच वर्षी सलोनिका ग्रीसकडे गेलं! आपल्याकडच्या सावरकरांच्या भाषाशुद्धीशी याची तुलना तिला करता येईल. फरक एवढाच की लोकांच्या तोंडी रुळलेले परके शब्द सेय्फेत्तिन राहू देत होते.

अडचण लिपीची. 1928 मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन घेतली, त्यामुळे ती जुनी पत्रं आज तिथल्या बहुतेकांनाही वाचता येत नाहीत. आपल्याकडे मोडीचं झालं, तसंच. म्हणून पदवीपर्यंत तिने उर्दू लिपी पक्की करावी, सोबत आजची तुर्की सुरू करावी. ऑटोमन तुर्की, म्हणजे अरबी लिपीतली जुनी तुर्की, त्यानंतर.

तुर्की सरकारच्या शिष्यवृत्तीत पहिलं वर्ष भाषेचं असतं, एम.ए.साठी वयाची अट तिशीच्या आतली. मात्र सध्या भारत आणि तुर्कस्तानचे संबंध ताणलेले आहेत, तेव्हा या शिष्यवृत्तीवर सगळी भिस्त ठेवू नका.

पोटाचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो : प्राध्यापकाच्या जागा मोजक्या, वाट लांब. आधार भाषेचा. तुर्की चांगली आली तर अनुवाद आणि दुभाषाचं काम मिळू शकतं. बी.एड. किंवा ग्रंथालयशास्त्राचा पर्यायही हाताशी असू द्या.

सहा महिने ती रोज अर्धा तास अलिफ-बे गिरवते का, तेवढं बघा आणि मला पुन्हा लिहा.