अलंकार ओळखता येतो, पण त्याने कवितेत काय साधले हे कसे समजावे?

आपण विचारले आहे की, उपमा, रूपक, अनुप्रास यांच्या व्याख्या पाठ आहेत, परीक्षेत उदाहरणही बिनचूक ओळखता येते, पण एखादी कविता मनापासून वाचायला घेतली की या साऱ्याचा तिच्या अर्थाशी नेमका संबंध काय, हे उमगत नाही. मी शाळेत मराठी शिकवते आणि हीच अडचण चांगल्या, अभ्यासू मुलांकडूनही सतत ऐकते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत; पुढे अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’ या अलंकारग्रंथापर्यंत ही संख्या शंभराच्या वर गेली. कवींनी आधी लिहिले आणि शास्त्रकारांनी मागाहून त्याची वर्गवारी केली, त्यामुळे नावापासून सुरुवात केली तर वाचन उलट्या दिशेने होते. मी मुलांना असे सांगते, की ओळ आधी साध्या भाषेत मांडून पाहावी आणि तसे करताना तिच्यातून काय गळून पडले ते शोधावे. जे गळाले, ते त्या रचनेने साधलेले असते. नाव त्यानंतर द्यावे.

तुकाराम महाराजांचा आपल्या सर्वांच्या ओळखीचा अभंग घ्या.

कन्या सासुऱ्यासी जाये । मागे परतोनी पाहे ॥
तैसे झाले माझ्या जिवा । केव्हा भेटसी केशवा ॥
चुकलिया माये । बाळ हुरुहुरू पाहे ॥
जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी ॥

‘केशवा, तुझ्या भेटीसाठी मी व्याकूळ झालो आहे’ असे म्हटले तरी आशय पोहोचतो. मग काय गेले? पहिली गोष्ट म्हणजे क्रम. उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची आहे तो कवीचा जीव, दुसऱ्या ओळीत येते. त्याआधी आपल्याला फक्त सासरी निघालेली, मागे वळून पाहणारी मुलगी दिसते. आपले मन तिच्यासाठी कळवळलेले असते आणि नेमक्या त्या क्षणी ‘तैसे’ हा शब्द येऊन तो कळवळा विठ्ठलाच्या ओढीकडे वळवतो. उपमेय आधी सांगितले असते, तर मुलीचे चित्र केवळ स्पष्टीकरण म्हणून उरले असते.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तीन चित्रांतला विरह एकाच मापाचा नाही. मुलगी दुःखी आहे, पण ती सासरी नांदेल, सणावाराला माहेरी येईल. तिचा वियोग रीतीने ठरवून दिलेला आहे. आईपासून चुकलेल्या बाळाला अशी कोणतीही खात्री नाही, त्याची नजर नुसती भिरभिरते आहे. मासोळीपाशी तर वेळच उरलेला नाही. चित्रागणिक अवधी कमी होत जातो, आणि ‘जीवन’ या शब्दात पाणी व प्राण हे दोन्ही अर्थ असल्यामुळे शेवटच्या ओळीत श्लेषाने ती निकड टोकाला जाते. मधल्या ओळीत ‘तैसा’ नाही आणि कवीचा उल्लेखही नाही, हे अवश्य पाहा. तोवर जुळवणी करण्याची सवय आपल्याला लागलेली असते, त्यामुळे ते बाळ कोण हे आपण न सांगता जाणतो. ‘तळमळी’ हे क्रियापद मात्र मासोळी आणि तुका या दोघांनाही एकदमच लागू पडते. एवढे सारे पाहिल्यावर ‘येथे उपमा आहे’ या वाक्याला वजन येते.

पुनरुक्तीसाठी बहिणाबाई चौधरींच्या ओळी पाहाव्यात. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’ मन हेच ढोर, मध्ये ‘जसे’ किंवा ‘परी’ नाही, म्हणून हे रूपक. ‘हाकला’ दोनदा येतो, कारण हाकणे एकदा करून भागत नाही. दुसऱ्या ओळीतले पीक चौथ्या ओळीत पुन्हा आले आहे. ढोर पिकाकडे वळते तसा शब्दही वळून आला आहे. आठ आठ अक्षरांच्या चरणांत हे घडते, त्यामुळे ती ये-जा ठेक्यातही ऐकू येते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली. या रचनेमागे पाठ केलेली व्याख्या नव्हती, गुरे हाकण्याचा अनुभव आणि तयार कान होता.

गद्यात अशी कामे छंद-वृत्तापेक्षा वाक्यरचना करते, आणि तिच्याकडे आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीमुळे फारच कमी लक्ष जाते. ‘पोलिसांनी आंदोलकांवर लाठीमार केला’ आणि ‘आंदोलकांवर लाठीमार करण्यात आला’ या दोन वाक्यांतली घटना एकच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात कर्ता नाहीसा झाला असून व्याकरणाच्या दृष्टीने त्याची उणीवही भासत नाही. बातमीत हे वाचताना सावध राहावे. कथेत मात्र हीच रचना लेखकाला मोठे बळ देते. ‘ती पत्रे जाळण्यात आली’ असे घरातलाच एखादा निवेदक सांगत असेल, तर पत्रे कोणी जाळली हे त्याला ठाऊक आहे आणि त्याला ते उच्चारायचे नाही, असा संशय वाचकाला येतो. मग पुढच्या प्रत्येक पानावर तो त्या न सांगितलेल्या कर्त्याला शोधत राहतो.