पेनड्राइव्हवरच्या उबुंटूत जागा का पुरत नाही

उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येते. पण पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असला तरी सगळी जागा उबुंटूला मिळतेच असं नाही. तुम्ही केलेले बदल साठवणारी फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या जागेवर असेल तर ती ४ जीबीच्या पुढे जातच नाही. त्यापेक्षा ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटचं वेगळं पार्टिशन (पेनड्राइव्हचा स्वतंत्र भाग) करा. आणि मूळ प्रोग्रॅम काढून जागा होईल या भ्रमात राहू नका. मूळ सिस्टिम फक्त वाचता येणाऱ्या कॉम्प्रेस्ड फाइलमध्ये असते. लिबरऑफिस काढलंत तरी ते तिथेच राहतं, वर नुसती ‘काढलं’ अशी खूण पडते. उलट अपडेटची नवी प्रत तुमच्या बदलांसाठीच्याच जागेत येऊन बसते! म्हणून सरसकट अपडेट नको, ब्राउझरचं मात्र चुकवू नका. उतरवलेली पॅकेजेस (प्रोग्रॅम बसवायच्या फाइली) टर्मिनलमध्ये ‘sudo apt clean’ ही आज्ञा देऊन उडवा. सिनेमे, फोटो दुसऱ्या पार्टिशनवर.